समोरच्या पंपाची पाटी

"आत्या, तुमच्याकडचं डिझेल अख्ख्या शहरात सगळ्यात महाग आहे," नवी सून म्हणाली, आणि गॅरेजच्या वरच्या खोलीत सगळ्यांचे घास हातातच राहिले.

आत्याने मान वर केली नाही. ती संत्रं सोलत होती, ते तसंच सोलत राहिली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण आत मनात कुणीतरी टाळी वाजवली. वाचली बाई कुणीतरी पाटी. एकदाची वाचली.

"सूनबाई," दादा म्हणाला. तो या घरातला थोरला. खाली अंगणात उभ्या असलेल्या सगळ्या बसगाड्या त्याच्या नावावर होत्या आणि वर बसलेली सगळी माणसंही आपल्याच नावावर आहेत अशी त्याची समजूत होती. "जेवताना हिशेब नाही काढायचे."

"तुम्हीच म्हणालात बाबा, खर्च कुठे कमी होतो ते महिन्याच्या बैठकीत सांग. बैठक जेवतानाच असते."

यावर बारक्या फिस्सकन हसला. बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी बारक्याच. ड्रायव्हर, पाळ्या, कारखान्याच्या कामगारांना पोचवायचे मार्ग, सगळं तो बघायचा आणि नाव दादाचं व्हायचं. "बोलू दे की दादा. खरं बोलणारं माणूस या टेबलाशी किती वर्षांनी बसलंय."

टेबल म्हणजे बापाच्या पहिल्या बसच्या फळ्या. बसायला जुन्या बसची बाकं. खोलीला ग्रीसचा वास, आणि समोर रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी. खिडकीतून खालचं अंगण दिसायचं, अंगणापुढची जमिनीची पट्टी दिसायची, मग रस्ता, आणि रस्त्यापलीकडे आत्याचा पंप. पंपाच्या खांबावर दरांची पाटी; या शहरात ज्याचा पंप त्याचा दर. आकडे लाल दिव्यांचे, आंधळ्यालाही दिसावेत एवढे मोठे. दिवसरात्र ते या खिडकीत डोळे रोखून उभे असायचे. आणि या घरात कुणी ते कधी वाचले नव्हते.

कारण घरच्या पंपाची पाटी वाचायची नाही, असा इथला कायदा होता. तो दादाने केला होता. "बहिणीच्या दारात भाव विचारायचा? मग भाऊ कशाला म्हणवून घ्यायचं?" असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि चारचौघं माना डोलवायची. महिन्याचं बिल यायचं, दादा न बघता सही ठोकायचा. मोठ्या मनाची माणसं आकडे बघत नाहीत. त्यांच्या न बघण्याची किंमत मात्र दरवेळी दुसरंच कुणीतरी भरतं.

"पाच पंप बघितले मी," सून म्हणाली. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. नवरा बस घेऊन लांबच्या फेरीवर होता, त्यामुळे तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं आणि गप्प करायलाही. "आठवडाभर रोज बघितले. नाक्यावरच्या पंपापेक्षा आत्यांचं डिझेल लिटरला चार रुपयांनी जास्त. पुलापलीकडच्यापेक्षा तीनने. नाका तर आपल्या गाड्यांच्या वाटेवरच आहे, एक वळसासुद्धा पडत नाही."

"चारने?" बारक्याचा हसरा चेहरा उतरला. "अगं, आपल्या गाड्या डिझेल पितात की पाणी, ठाऊक आहे का तुला? लिटरला चार म्हणजे... दादा, मी ड्रायव्हरांच्या पगारवाढीला वर्षभर नाही म्हणतोय."

"अजून एक आहे," सून म्हणाली आणि आता तिने सरळ आत्याकडे बघितलं. "पेट्रोल मात्र आत्यांचं सगळ्यात स्वस्त. पाचांत सगळ्यात. एकाच पंपावर एक नळी सगळ्यात महाग आणि दुसरी सगळ्यात स्वस्त. याचा मेळ मला काही लागला नाही."

आत्याने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. पोरगी पोचलीय, ती मनात म्हणाली. एक पायरी उरलीय फक्त. आता चढू नकोस गं बाई. पाच मिनिटं थांब.

मेळ काय होता, तो आत्याला पाठ होता.

बाप अंथरुणाला खिळला तेव्हा अंगण, गाड्या, सगळं त्याने दादाच्या नावावर केलं. मुलीच्या, त्याच्या चिमणीच्या, नावावर काही नाही. तिचं लग्न पंपवाल्याशी झालेलं, तिला काय कमी. पण शेवटच्या दिवसांत त्याला काहीतरी बोचलं असावं. सगळ्यांना बोलावून तो म्हणाला होता, "अंगणापुढची पट्टी चिमणीची. पण आज तिला ती लागत नाही. या घरच्या गाड्या तिच्या पंपावर भरतील तोवर पट्टी तुम्ही वापरा. ज्या दिवशी गाड्या दुसऱ्या पंपाकडे वळतील, त्या दिवशी पट्टी तिची. आणि चिमणे, तू गाड्यांना भरायला नाही म्हणालीस, नाहीतर पंप बंद केलास, तर पट्टी विसरायची." दादाने बापाच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. कागद कुणी केला नाही. दादा कागदाला भीक घालत नाही, शब्दाला मात्र घाबरतो, हे बापाला पक्कं माहीत होतं.

मग बाप गेला. काही वर्षांनी आत्याचा नवराही गेला. पंप तिने एकटीने चालवला, आणि तो चालवताना कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. पट्टीवर दादाने टायरवाला बसवला, रंगवाला बसवला, आणि दोघांचं भाडं स्वतःच्या खिशात घातलं. शब्दाचा पहिला अर्धा भाग तो गावभर सांगत फिरला. "बहिणीला पोसतोय आम्ही. एक थेंब दुसरीकडे भरत नाही." दुसरा अर्धा त्याच्या डोक्यातून गळून गेला. जो भाग आपल्या अंगावर येतो तो भाग माणसं विसरतात, त्याला म्हातारपण लागत नाही.

आणि आता पंपाखालची जमीन दिराची होती. दिराने सांगितलं होतं, वर्षअखेरीस करार संपतो, जागा मोकळी कर. तोवर दुसरी जागा नाही मिळाली तर पंप गेला, पंपावरची माणसं रस्त्यावर आली, आणि बापाच्या अटीप्रमाणे पट्टीही गेली. आत्याने दादाकडे पट्टी मागितली होती. एकदा नाही, अनेकदा. दरवेळी दादाने तिची पाठ थोपटली. "पंप आहे ना तुला. आमच्या गाड्या येतात ना. मग?"

तोंडाने मागून झालं. गाड्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. हातात एकच गोष्ट उरली होती, खांबावरचे लाल आकडे. ते ती हळूहळू चढवत गेली. एकने, मग अजून एकने. बाहेरचे ट्रकवाले भाव वाचून निघून गेले. घरचे भाऊ न वाचता भरत राहिले. आज कुणीतरी वाचलं.

आता फक्त भावांनी रागावून निघून जायला हवं होतं.

"उद्यापासून नाक्यावर भरू," बारक्या म्हणाला. "ताई, रागावू नकोस. धंदा आहे."

"मी कशाला रागावू," आत्या म्हणाली. "भरा की."

"कुणी काही भरत नाही," दादा म्हणाला.

त्याचा आवाज असा काही निघाला की वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, हातातला डाव भांड्यात ठेवून दिला. दादा उठून खिडकीशी गेला, पण पाटीकडे पाठ करूनच उभा राहिला. "चार जास्त, म्हणे चार. अरे, सख्खी बहीण आहे. एकटी बाई पंप चालवते, पडत असेल तिला महाग. चारच काय, सहा जास्त असले तरी या घरच्या गाड्या तिथेच भरतील. मी असेपर्यंत."

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. आणि ते खोटे नव्हते. तीच तर खरी पंचाईत होती. खोट्या माणसाशी भांडता येतं, पण स्वतःच्या चांगुलपणावर मनापासून विश्वास असलेल्या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीला धडक. आत्याला क्षणभर तो लहानपणीचा दादा दिसला, तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारा. मग टायरवाल्याचं भाडं आठवलं.

"सहा म्हणालास?" तिने विचारलं.

"सहा."

आत्याने ओढणीला हात पुसले आणि फोन उचलला. "मॅनेजर, मी बोलतेय. डिझेल दोनने वर घ्या. हो, आत्ता. मी सांगतेय ना."

कुणाला काही कळेना. मग सून खिडकीकडे वळली, तिच्या मागोमाग बारक्या. रस्त्यापलीकडे खांबावरचे आकडे एकदा विझले आणि पुन्हा लागले. दोनने वर.

"हे काय चिमणे?" दादा हसला. "थट्टा करतेस भावाची?"

"तू सहा म्हणालास. झाले सहा."

"मग सहा तर सहा. मी बोललो की बोललो."

"आठ झाले तर?"

"आठ झाले तरी."

"मॅनेजर," आत्या फोनमध्ये म्हणाली, "अजून दोन चढवा."

"ताई, तू शुद्धीवर आहेस का?" बारक्या खिडकीतून ओरडला. "दादा, तू तरी बघ की तिकडे, एकदा मान वळव."

"मला बघायची गरज नाही." दादाची मान ताठ होती आणि गळ्यावरची शीर फुगली होती. "ती रागावलीय. सुनेने सगळ्यांदेखत तिचा पाणउतारा केला. बाईमाणूस आहे, होईल शांत."

बाईमाणूस हा शब्द ऐकून वहिनी आणि आत्याची नजरानजर झाली. तीस वर्षांत या दोघींत येता-जाता बोलणं तेवढं झालं होतं. नणंद-भावजय म्हणून जेवढं लागतं तेवढं, वर काही नाही. पण त्या एका नजरेत वहिनीने बरंच काही ओळखलं, आणि डाव परत हातात न घेता ती तशीच बसून राहिली.

"दहा," आत्या फोनमध्ये म्हणाली.

तिकडून मॅनेजर काहीतरी गयावया करत होता. "माहितीय मला," ती म्हणाली, "एकही गिऱ्हाईक येणार नाही, माहितीय. डिझेलचं म्हणतेय मी. पेट्रोलला हात लावायचा नाही."

पेट्रोलला हात लावायचा नाही, हे शब्द सुनेने ऐकले. आत्याला ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. भुवया आधी वर गेल्या, मग जुळल्या, मग एकदम मोकळ्या झाल्या. शेवटची पायरी चढली होती पोरगी. आता तिने तोंड उघडलं तर दादा सावध होणार होता, आणि सावध झालेला दादा विसाने महाग डिझेलही हसत भरेल, निव्वळ जिंकण्यासाठी.

"बाबा," सून म्हणाली.

आत्याच्या हातातली फोड तशीच राहिली.

"बाबा, दुपारच्या पाळीची गाडी पंपावर आलीय. डिझेल भरायला थांबलीय."

खाली खरंच एक बस पंपावर उभी राहिली होती. ड्रायव्हर उतरला, टाकीचं झाकण उघडलं, नळी घ्यायला हात पुढे केला आणि सवयीने इकडेतिकडे बघताना त्याची नजर वर गेली. नळी राहिली बाजूला. तो दोन पावलं मागे सरला. मग डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं. मग खिशातून फोन काढला.

बारक्याचा फोन वाजला. त्याने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"मालक, पाटी बिघडलीय का?"

"नाही बिघडलेली," बारक्या म्हणाला.

"मग माझे डोळे बिघडलेत. या भावात विमान उडेल हो. भरू का नको? पाळीची वेळ झालीय, माणसं फाटकात उभी असतील. टाकीत तर खडखडाट आहे."

बारक्याने दादाकडे बघितलं. "बोल. तूच सांग त्याला. मी नाही सांगणार. मी पगारवाढीला नाही म्हणतो तेव्हा मालक मी असतो, आता तू हो."

गड्याशी बोलताना मोठं मन दाखवणं कठीण असतं. भावाबहिणींसमोर आठ म्हणता येतं, दहा म्हणता येतं; पण ज्याला वर्षभर पैसे नाहीत म्हणून सांगितलं, त्याच माणसाला 'भर' म्हणायचं म्हणजे स्वतःचं खोटं स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचायचं. दादा हळूच वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने खिडकीतून पाटी बघितली. ओठ हलले. आकडे वाचताना हलतात तसे.

"मालक?" फोन म्हणाला.

"नाक्यावर ने," दादा म्हणाला.

"काय?"

"नाक्यावरच्या पंपावर ने म्हणतोय. आणि उद्यापासून सगळ्याच तिकडे. चिमणे, तू हद्द केलीस. भाऊ आहे म्हणून कापशील होय? बास. पुरे झालं."

खाली झाकण लागलं, बस सुरू झाली, पंपातून बाहेर आली. रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबली आणि डावीकडे, नाक्याच्या दिशेने निघाली.

"वळली," वहिनी म्हणाली.

"काय वळलं?" दादा खेकसला.

"गाडी. दुसऱ्या पंपाकडे वळली." वहिनी उभी राहिली. "मी होते तिथे. मामंजींच्या उशाशी मीच बसलेली होते, त्यांना पाणी पाजत. ज्या दिवशी गाड्या दुसऱ्या पंपाकडे वळतील त्या दिवशी पट्टी चिमणीची. तुम्ही त्यांच्या हातावर हात ठेवला होता. आठवतंय ना?"

दादा आधी बायकोकडे, मग बहिणीकडे बघत राहिला. कळायला त्याला वेळ लागला, पण कळलं तेव्हा पूर्ण कळलं.

"तू मुद्दाम केलंस," तो म्हणाला. "वर्षभर."

"वर्षभर. पाटी तुझ्या डोळ्यांसमोर लावून केलं. लपवलं काय त्यात?"

"मला शब्द मोडायला लावलास."

"मोडायला नाही, पाळायला. शब्दाचे दोन भाग होते दादा. तू सोयीचा तेवढा गावाला सांगितलास. मी तोंडाने मागितलं तेव्हा पाठ थोपटलीस माझी. घोडीची थोपटतात तशी. म्हटलं, याला ऐकू येत नाही, वाचून तरी दाखवू."

"आणि आमच्याकडून जास्तीचे घेतलेस ते?" बारक्या म्हणाला. त्याला हसावं की चिडावं ठरवता येत नव्हतं. "ते कुठे गेले?"

उत्तर सुनेने दिलं. "पेट्रोलमध्ये. म्हणून पेट्रोल सगळ्यात स्वस्त."

"हुशार आहेस," आत्या म्हणाली. "हॉस्पिटलातल्या नर्सा, शाळेतल्या बाया, घरोघर डबे पोचवणाऱ्या पोरी, सगळ्या स्कूटरवाल्या माझ्याकडे भरतात. वर्षभर तुमच्या बसगाड्यांच्या जिवावर त्यांच्या स्कूटर पळाल्या. मी एक पैसा घरी नेला नाही. टायरवाल्याचं भाडं तू कुठे नेलंस ते मी विचारत नाही, तू हे विचारू नकोस. फिटलं."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्ही मला तरी सांगायचं होतं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला नवऱ्यापासून लपवावं लागलं असतं. ते पाप मी कशाला तुमच्या माथी मारू?"

दादाने बाकावरचा पंचा उचलला आणि जिना उतरून निघून गेला. बारक्या त्याच्या मागे जायला निघाला, पण दारात थांबला. "ताई," तो म्हणाला, "नाक्यावरचा भाव तू बघितला होतास?"

"रोज बघते."

"मग आता तू किती लावणार?"

"ते उद्या वाच," आत्या म्हणाली आणि राहिलेलं संत्रं तिने सुनेच्या हातात दिलं.

सकाळी पंपावर स्कूटरची रांग लागलेली असताना दादाची जुनी गाडी आत आली. ड्रायव्हर नव्हता, स्वतःच चालवत होता. रात्री झोपला नव्हता हे दिसत होतं. आत्या नळीपाशी उभी होती. दादा कितीही चिडला तरी खोटं बोलणार नाही, हे तिला माहीत होतं. सगळा डाव तिने त्याच एका गोष्टीवर लावला होता.

दादाने खिशातून साखळीच्या कुलपाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. अंगणापुढच्या पट्टीच्या फाटकाची.

"टायरवाल्याला सांगितलंय. महिनाअखेर उठेल. रंगवाला पण. नावावर करून देतो, मोजणीवाला बोलावलाय." मग थोडं थांबून, "मागच्या वर्षीच दिली असती."

"नसती दिलीस."

दादाने यावर विचार केला. "नसती दिली," तो म्हणाला.

मग तो गाडीतून उतरला, कंबरेवर हात ठेवून खांबाखाली उभा राहिला आणि मान वर करून पाटी वाचू लागला. पेट्रोल. मग डिझेल. मग परत डिझेल.

"नाक्यापेक्षा एकने कमी?"

"वाचता येतं की तुला."

"मग गाड्या इकडे पाठवू?"

"पाठव. पण ड्रायव्हरांना सांग, आधी पाटी वाचायची. परवडलं तर भरायचं, नाहीतर नाका आहेच. पोसायला म्हणून आलेली गाडी मी उभी करून घेणार नाही."

मागच्या स्कूटरवरच्या बाईने हॉर्न दिला. दादा गाडीकडे वळला, झाकण उघडलं आणि पेट्रोल भरून होईपर्यंत आकडे फिरताना बघत उभा राहिला. मग पाकीट काढून त्याने पैसे दिले.

आत्या पुढच्या स्कूटरकडे वळली तरी तो हलला नाही.

"आता काय?" तिने विचारलं.

"पावती," दादा म्हणाला. "पावती दे."

आजवर या घरच्या कुणी तिच्याकडे पावती मागितली नव्हती. आत्याने मशीनमधून कागद फाडला, त्याच्या हातात दिला आणि गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाली, "परत या."